कोरी तारीख

सकाळी ५.४०

घराबाहेर पडण्याआधी एक फोन ठरलेला असतो.

"दादा, गाडी पोचली का? तिने सकाळची गोळी घेतली नाही ना?"

"पोचलो मॅडम. स्टेशनावरच बसलोय. गोळी माझ्या खिशात ठेवलीय. पाणी तेवढं प्यायलीय ती."

सोलापूरच्या पलीकडून रात्रभर प्रवास करून बाप-लेक आले आहेत. मुलगी बावीस वर्षांची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. तिच्या ग्रंथींना ते जन्मापासून जमत नाही. आजाराचं नाव लांबलचक आहे, आम्ही सीएएच म्हणतो. दहा-वीस हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला तो असतो. ती रोज बाहेरून स्टेरॉइडची गोळी घेते आणि त्यावर जगते. आज तिचं रक्त त्या गोळीच्या आधी घ्यायचं आहे. गोळी पोटात गेली की आकडे खाली येतात आणि ही सगळी रात्रीची दगदग वाया जाते.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. अकरा वर्षं हेच काम करते आहे. सध्या माझ्याकडे दोन चाचण्या आहेत: एक या आजाराची, दुसरी अर्धशिशीची. औषधांची आणि कंपन्यांची नावं करारामुळे सांगता येत नाहीत, आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत. बाकी दिवस जसा जातो तसा लिहिते.

सकाळी ७.०५

"मूठ आवळ बाळा. झालंच."

जांभळ्या झाकणाची नळी मी आधीच बर्फात गार करून ठेवलेली असते. तीत एसीटीएच मोजायचं असतं, आणि हे हार्मोन फार नाजूक. नळी थोडा वेळ जरी टेबलावर राहिली तरी आकडा घसरतो, आणि तो घसरलेला आकडा औषधाचा गुण म्हणून कागदावर जाऊ शकतो. म्हणून रक्त घेतल्याबरोबर नळी परत बर्फात, तिथून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, मग वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करून खोल थंडीच्या फ्रीझरमध्ये. दुपारी कुरियरवाला ड्राय आइसचं खोकं घेऊन येईल. प्रत्येक पायरीची वेळ मी घड्याळात बघून लिहिते. अंदाजाने "साधारण सव्वासात" असं लिहिलेलं इथे चालत नाही.

सेंट्रिफ्यूज फिरत असताना ती गोळी घेते आणि डब्यातला राजगिऱ्याचा लाडू खाते. वडील बाजूला बसून असतात. साखर कारखान्यात नोकरी करतात.

सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत संमतीपत्र समजावताना त्यांनीच मला शिकवलं होतं. संमती घेताना आम्ही शेवटी म्हणतो, "आता तुमच्या शब्दांत सांगा, काय कळलं." सही मुलीची, कारण ती सज्ञान, पण वडील सोबत असावेत ही तिची इच्छा होती. मी मेंदूतली ग्रंथी, एसीटीएच, एंड्रोस्टेनेडायोन असं बरंच बोलले होते. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे बघा मॅडम, कारखान्यात साखर पडत नाही. वरच्या साहेबाला वाटतं ऊसच कमी पडतोय, म्हणून तो गाड्यांवर गाड्या पाठवतो. साखर तर होत नाहीच, पण मळी तुंबत जाते. बरोबर?" अगदी बरोबर. साखर म्हणजे कॉर्टिसॉल, गाड्या पाठवणारा साहेब म्हणजे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी, गाड्या म्हणजे एसीटीएच, आणि मळी म्हणजे नको इतकी तयार होणारी पुरुषी हार्मोन्स. मुलीच्या चेहऱ्यावरचे केस, चुकलेल्या पाळ्या, लवकर थांबलेली उंची, सगळं त्या मळीचं.

लॉसन विल्किन्स यांनी १९५० मध्ये या आजारावर कॉर्टिझोन वापरून दाखवलं आणि मुलं जगू लागली. पण साहेबाला गप्प करायचं तर स्टेरॉइड शरीराच्या गरजेपेक्षा जास्त द्यावं लागतं. मग वजन, रक्तदाब, साखर, ठिसूळ हाडं. सत्तर वर्षं हाच तिढा होता: मळी कमी करावी तर औषधाने त्रास, औषध कमी करावं तर मळी वाढते. पिट्युटरीला मिळणारा हुकूमच अडवणारं क्रिनेसरफाँट हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. १८२ प्रौढ रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत, हार्मोन काबूत ठेवून, ते घेणाऱ्यांचं स्टेरॉइड सरासरी २७ टक्क्यांनी कमी करता आलं; प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांचं १० टक्क्यांनी. आमच्याकडचं औषध त्याच जातीचं आहे.

"तिच्या आधी एक मुलगा झाला होता," वडील आज पहिल्यांदाच बोलले. "अठराव्या दिवशी गेला. उलट्या व्हायच्या, सुकत गेला. डॉक्टर म्हणाले पोटाचा संसर्ग."

मी पेन खाली ठेवलं. या आजाराच्या मुलीचं जन्मतःच काही वेगळं दिसतं, म्हणून शंका तरी येते. मुलगा दिसायला अगदी नेहमीसारखा असतो. आजार तीव्र असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगातलं मीठ निघून जातं आणि इलाज मिळाला नाही तर बाळ जातं. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या दोन-चार थेंबांवर हे निदान होतं. ही तपासणी आपल्याकडे प्रत्येक बाळाची होत नाही. व्हायला हवी. याबाबत मला दुसरं मत ठाऊक नाही.

सकाळी ९.००

औषधाच्या फ्रिजचं तापमान लिहिलं. दोन ते आठ अंशांच्या आत. रात्री वीज गेली होती, पण इन्व्हर्टरने साथ दिली.

मग संगणकावर अर्धशिशीच्या डायऱ्या उघडते. ही चाचणी सकाळच्या कामाच्या अगदी उलट्या टोकाला आहे. तिकडे रक्त बोलतं. अर्धशिशीसाठी रक्ताची तपासणी नाही, क्ष-किरणात ती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. पीटर गोड्सबी आणि लार्स एड्विन्सन यांनी १९९० मध्ये झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतलं आणि सीजीआरपी हा रेणू वाढलेला दाखवला. त्याचा मार्ग अडवणारं पहिलं इंजेक्शन, एरेन्यूमॅब, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, आणि या कामासाठी त्या दोघांना आणखी दोघांसोबत २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. एवढं सगळं झालं तरी औषधाने गुण आला की नाही हे ठरवण्याचं माप आजही एकच: महिन्यातले किती दिवस दुखलं, हे त्या माणसाने स्वतः सांगायचं.

म्हणून आम्ही प्रत्येकाला एक छोटा मोबाइल देतो. रोज संध्याकाळी पाच-सहा प्रश्न. दुखलं का, किती वेळ, उजेड सहन झाला का, मळमळलं का, कोणती गोळी घेतली. राहिलं तर फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत भरता येतं, नंतर ती तारीख बंद होते.

पडद्यावर दुखलेले दिवस लाल दिसतात, न दुखलेले हिरवे, आणि न भरलेले पांढरे. नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते की हिरवा आणि पांढरा एक समजू नका. हिरव्या दिवशी त्या बाईने आपल्याला सांगितलं आहे की आज शून्य. पांढऱ्या दिवशी तिने काहीच सांगितलेलं नाही.

आज तीन पांढरे. तिघींना फोन. एक लग्नाला गेली होती, एकीचा चार्जर हरवलाय, तिसरी उचलत नाही. (तिघीच, पुरुष क्वचित. अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या जवळपास तिप्पट होते.)

सकाळी ११.३०

हडपसरच्या ताई आल्या. तीन घरी आणि एका मेसमध्ये पोळ्या करतात. चाचणीत घेण्याआधीचा २८ दिवसांचा नोंदीचा काळ आज संपला. त्यात किमान २३ दिवस भरलेले हवेत आणि अर्धशिशीचे चार तरी दिवस हवेत. ताईंचे २० भरलेले. त्यात लाल तीन. आठ पांढरे.

मी मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला आणि एकेक तारीख विचारत गेले. ही आठवी पांढरी तारीख, मंगळवार, त्या दिवशी काय झालं होतं?

"त्या दिवशी तर लईच झालं होतं ताई. मेसला दांडी मारली. अंधार करून पडले होते."

"मग यात का नाही लिहिलंत?"

"उजेड टोचतो ना डोळ्यांत. त्या मोबाइलकडं बघवतच नाही."

आठही तारखा तशाच. ज्या दिवशी सर्वांत जास्त दुखलं तेच दिवस कोरे. कागदावर महिन्यातून तीनदा डोकं दुखणारी बाई. खरी अकरा दिवस अंधारात पडणारी. आणि दुसऱ्या दिवशी मी फोन केला होता तेव्हा प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या होत्या, "बरंय ताई आता, राहून गेलं." मला बरं वाटावं म्हणून. मी "नोंद का राहिली" एवढंच विचारत होते. "काल कशा होतात" हे एकदाही विचारलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी फाइलमध्ये माझ्या नावाने लिहून ठेवली.

"आता भरूया की, मला सगळ्या तारखा ध्यानात आहेत," त्या म्हणाल्या.

भरता येत नाही. याचं उत्तर देताना मला आकडे सांगावे लागले. एरेन्यूमॅबच्या एका मोठ्या चाचणीत ९५५ जण होते. दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले असे लोक जास्त डोसच्या गटात ५० टक्के होते. आणि ज्यांना नुसतं औषधाविना इंजेक्शन दिलं त्यांच्यातही जवळपास २७ टक्के. ती माणसं खोटं बोलत नव्हती. कोणी लक्ष देतंय, विचारपूस करतंय, बरं वाटेल अशी आशा आहे, याने डोकेदुखी खरोखर कमी होऊ शकते. औषधाचा गुण म्हणजे या दोन आकड्यांमधली फट, आणि तारखा आठवणीने भरू लागलो तर त्या फटीवरच भरवसा ठेवता येत नाही. ताईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे पोळ्या मोजून दिल्यासारखं. नंतर आठवून सांगितलेल्याचा हिशोब मेसवाला पण धरत नाही."

प्रोटोकॉलमध्ये पुन्हा एकदा येण्याची सोय आहे, पण तोवर झटके रोखणारं दुसरं औषध सुरू करता येत नाही. डॉक्टर मॅडमनी त्यांच्यापुढे दोन्ही वाटा ठेवल्या. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला आत्ताच बरं वाटायला पाहिजे. सणासुदीचे दिवस आलेत, सुट्टी मिळत नाही." मॅडमनी प्रोप्रानोलॉल लिहून दिलं, जुनं, स्वस्त, बऱ्याच जणांना लागू पडणारं. शिवाय मेडिकलमधून आणून जवळजवळ रोज खात असलेली वेदनाशामक गोळी आठवड्यातून दोन दिवसांवर आणायला सांगितली, कारण महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस घेतलेली गोळी स्वतःच डोकेदुखी होऊन बसते.

माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे "स्क्रीन फेल" असं लिहावं लागलं. हा शब्द बदलायला हवा. नापास कोणी झालेलं नसतं.

दुपारी १.४५

डबा. मेथीची भाजी, भाकरी. खाता खाता नोंदी तपासणाऱ्या कंपनीच्या मॉनिटरने पाठवलेल्या अठरा क्वेरींपैकी, म्हणजे शंकांपैकी, सहा मिटवल्या. ड्राय आइसचं खोकं गेलं.

यकृताच्या तपासण्यांचा एक अहवाल आला, सगळं हद्दीत. तो मी दोनदा बघते. टेलकाजेपँट नावाची अर्धशिशीची गोळी गुणकारी ठरली होती, पण ती रोज घेणाऱ्यांच्या चाचणीत काहींची यकृतातली एन्झाइम्स वाढली आणि २०११ मध्ये कंपनीने ते काम थांबवलं. ज्यांच्या रक्तामुळे ते वेळीच कळलं, त्यांचे आभार कोणी मानल्याचं माझ्या वाचनात नाही. मी मानते.

दुपारी ३.००

एथिक्स कमिटी. नियमाने किमान सात सदस्य, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे, एक वकील, एक सामान्य माणूस. आमच्या कमिटीतले सामान्य माणूस म्हणजे निवृत्त शाळामास्तर. मागच्या वेळी त्यांनी अर्धशिशीची मराठी प्रश्नावली हातात घेऊन विचारलं होतं, "स्पंदनशील वेदना म्हणजे काय हो?" बाहेरून करून आलेलं ते भाषांतर. आम्ही सगळे वर्षभर ते वाचत होतो, पेशंट "हो" म्हणत होते आणि आम्ही खूण करत होतो. मग मी आमच्या रुग्णांना विचारत सुटले की तुम्ही या दुखण्याला काय म्हणता. ठसठसतं. ठणकतं. घण पडतात. अर्ध्या कपाळात कोणी सुई फिरवतंय. एका आजींनी सांगितलं, "सूर्य वर चढतो तसं चढतं." आज सुधारलेली प्रश्नावली मंजुरीला होती, त्यात "ठसठसणं" आहे. मास्तरांनी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून ती वाचली आणि होकार दिला.

सीएएचच्या चाचणीवर त्यांचा प्रश्न असा की चाचणी संपल्यावर त्या मुलीला हे औषध मिळणार का, की कंपनी आपली माहिती घेऊन निघून जाणार? नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ मध्ये याचं उत्तर आहे: दुसरा इलाज नसेल, तपासणाऱ्या डॉक्टरांनी शिफारस केली आणि कमिटीने मान्यता दिली, तर कंपनीने औषध मोफत देत राहायचं. "तर" किती आहेत ते बघा, असं मास्तर म्हणाले. कंपनीचं लेखी पत्र आल्याशिवाय पुढचे रुग्ण घ्यायचे नाहीत, असा ठराव झाला. मला तो अगदी योग्य वाटला.

मी एक पानाचं टिपण दिलं: झटक्याच्या दिवशी डायरी अंधाऱ्या पडद्यावर किंवा फोनवर बोलून भरता यावी.

संध्याकाळी ५.२०

निघण्याची तयारी चालू असताना फोन. लातूरकडच्या एका तरुणाची बायको. तोही सीएएचच्या चाचणीत. कालपासून ताप, दुपारपासून उलट्या, गोळी ठरत नाही.

सीएएचच्या माणसाला ताप आला की अंगाला कॉर्टिसॉल एरवीपेक्षा खूप जास्त लागतं आणि ते आतून येत नाही. गोळी दुप्पट-तिप्पट करायची, आणि पोटात ठरतच नसेल तर वेळ न घालवता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. प्रत्येकाच्या पाकिटात आम्ही दिलेलं मराठी-इंग्रजी कार्ड असतं: "या व्यक्तीला तातडीने १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्या, तपासण्यांची वाट पाहू नका."

"कार्ड दाखवलं का वहिनी?"

"दाखवलं. डॉक्टर म्हणतात आधी सलाइन लावू, रक्त बघू, मग ठरवू."

"फोन त्यांच्याकडे द्या. आमच्या मॅडम बोलतात."

मॅडम चार मिनिटं बोलल्या, आवाज न चढवता. ५.४१ ला इंजेक्शन दिलं. सात वाजता वहिनींचा फोन: उठून बसलेत, चहा मागितला.

तो खऱ्या औषधावर आहे की प्लासिबोवर, हे आम्हाला माहीत नाही. आज माहीत असण्याची गरजही नव्हती. इंजेक्शन दोन्हींत तेच. पण त्याला भरती करावं लागलं, म्हणजे ही गंभीर घटना झाली, कारण काहीही असो. २४ तासांत दिल्लीच्या औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं, १४ दिवसांत सविस्तर अहवाल. मी बसले आणि ७.५० ला पहिला अहवाल पाठवला. त्यात एक वाक्य मुद्दाम घातलं: कार्ड असूनही इंजेक्शनला उशीर होत होता. कार्डावर आमचा चोवीस तास चालू असलेला नंबर आहे, पण तो खाली, बारीक अक्षरांत. उद्या तो वर, ठळक छापून घेणार.

रात्री ९.१०

घरी आल्यावर एकदा डायऱ्या बघते. आज चार पांढऱ्या. एरवी मी लगेच फोन करत असे. आज थांबले, त्यातली एखादी आत्ता अंधारात पडली असेल तर फोनची रिंगही तिला सोसणार नाही. सकाळी करीन, आणि आधी विचारीन, काल कशा होतात.

हडपसरच्या ताईंना मी दुपारी निघताना एक साधी गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. त्यांची मुलगी नववीत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईचं डोकं दुखलं त्या तारखेला तिने फुली मारायची, किती तास ते लिहायचं, गोळी घेतली तर गोल करायचा. चाचणीत दुसऱ्याने भरलेली नोंद चालत नाही, पण नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना ते पान फार कामाला येतं. तुमच्या घरात कोणाला अर्धशिशी असेल तर ही नोंद तुम्ही ठेवा. ज्याला उजेड सोसत नाही त्याच्याकडून ती अपेक्षा करू नका. आणि दुखलं नाही त्या दिवशी शून्य लिहा. तारीख कोरी ठेवू नका.